फेरफार

बर्बँकमध्ये, तिसऱ्या मजल्यावर,
खिडकीतून पार्किंग आणि एक धुरकट डोंगर दिसतो तिथे,
मी रातबगळ्याची कागदपत्रं लावत बसले आहे.

सोमवारी एका स्टुडिओनं दुसरा गिळला.
आधी बातमीतून कळलं, मग ईमेलनं.
कँटीनच्या कपांवरचं चिन्ह बदललं
तेव्हा कुठे खरं वाटलं.
आता वकील विचारतायत,
नक्की काय काय आलं पोटात?

रातबगळा तसा साधा गृहस्थ.
दिवसा पुलावर टोल घेतो,
रात्री राखाडी पंखांनी नदीवर उतरतो,
बुडणाऱ्यांना काढतो.
एकाहत्तर साली यंगस्टाउनच्या एमिल ह्रुश्कानं
स्वयंपाकघरातल्या टेबलावर त्याला काढला,
पानाला बावीस डॉलर.
चेकच्या पाठीवर बारीक अक्षरांचा शिक्का :
खाली सही करणारा सर्व काही देऊन टाकतो,
आज असलेल्या आणि उद्या निघणाऱ्या
प्रत्येक माध्यमात, साऱ्या विश्वात.

साऱ्या विश्वात!
एमिल सही करायचा आणि किराणा आणायचा.

पुढचा उतारा सातबाऱ्यासारखा.
प्रकाशक बुडाला, पडद्याचे हक्क
एका खेळणीवाल्यानं घेतले, गहाण टाकले,
बँकेनं विकले.
बहीण, जलपिंगळी, दुसऱ्या घरी दिली.
तेव्हापासून वीस वर्षं
त्याला सिनेमात ‘माझी बहीण’ म्हणायची बंदी.
‘होती एक मुलगी ओळखीची,’
एवढंच म्हणून तो नदीकडे बघतो.
वैरी तिसऱ्याच कंपनीकडे,
म्हणून बिचारा दोन सिनेमे नुसत्या धुक्याशी लढला.

आणि ते कलम :
सात वर्षांत चित्रपट न आल्यास हक्क परत.
सातव्या वर्षीच्या डिसेंबरात
अठरा दिवसांत एक उरकला.
कधी लागला नाही कुठे.
मी पाहिलाय, तळघरात, एकटीनं.
पंख न्हाणीघराच्या पडद्याचे,
नदी म्हणजे कुणाच्या तरी बंगल्यातला तलाव.
नट मात्र जीव ओतून उडतो.
त्याला कुणी सांगितलेलं नाही
की हे उड्डाण तारीख ओलांडण्यापुरतं आहे.

आता सगळे एका छपराखाली.
भाऊ, बहीण, वैरी. धुकंसुद्धा.
वर केक कापला.
ओस्वाल्डोनं माझ्यासाठी तुकडा आणला,
त्यावर साखरेची अर्धी चोच.

फक्त आठव्या अंकाचा चेक सापडेना.
वहीत नोंद आहे, चारशे चाळीस डॉलर,
पुढचा रकाना कोरा. वटलाच नाही.
आठव्या अंकात नवं माणूस एकच येतं,
आंधळा नावाडी. तीन चौकटी.
पंख मोडलेल्या रातबगळ्याला
पैलतीरी नेतो, नाव विचारत नाही.

मी यंगस्टाउनला फोन लावला.
एमिलची मुलगी मार्टा म्हणाली, ‘थांबा जरा.’
खुर्ची सरकली. काहीतरी जड उचललं.
बराच वेळ नुसता रेडिओ ऐकू येत होता.

‘आहे,’ ती धापा टाकत म्हणाली,
‘टेबलाच्या डाव्या पायाखाली, चार घड्या घालून.
टेबल डुगडुगायचं, पपांची रेघ हलायची.’
‘मागे सही?’
‘नाही.’
‘विसरले असतील.’
‘पपा?’ ती हसली,
‘पेन्सिलीचं बिल नाही विसरायचे ते.’

माझ्यासमोर तक्ता उघडा आहे.
‘नावाडी’पुढच्या चौकोनात
कर्सर उघडझाप करतोय.
पाचच्या आत वर पाठवायचंय.
वकील याचं काय करतील, मला ठाऊक नाही,
किंवा आहे.

‘बाई,’ मार्टा फोनवर विचारते,
‘परत ठेवू का खाली?
इकडे माझं सूप सांडतंय.’